खोतांची तीस वर्षं

मुलाखतीच्या खोलीत शिरताच ऋजुताला हायसं वाटलं. टेबलामागे दत्ता मगदूम बसले होते. ज्याच्याबरोबर रोज डबा खाल्ला तोच दत्ता. मग तिला आठवलं, या माणसाला आपण आज पहिल्यांदाच बघतोय.

बारा ठिकाणी 'अनुभव नाही' म्हणून नकार आल्यावर बावीस वर्षांच्या ऋजुतानं अनुभवपेढीत जाऊन नामदेव खोतांची तीस वर्षं डोक्यात भरून घेतली होती. खोत याच पंपाच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त होताना आठवणी पेढीला देऊन गेले आणि गेल्या वर्षी वारले. त्यांच्या आठवणी भरून घेतल्यापासून कॉलेजच्या मैत्रिणींशी काय बोलावं, हेच ऋजुताला सुचत नसे. आज तर सकाळी तिनं डब्यात नकळत दोन भाकरी जास्त घेतल्या होत्या.

मगदूमांनी कोपऱ्यातला पंप सुरू केला. "काय बिघडलंय?"

"मागचं बेअरिंग गेलंय," नुसत्या आवाजावरून ती म्हणाली.

मगदूम खूश झाले. त्यांनी चहा मागवला आणि स्वतःच्या कपात दुसरा चमचा साखर घालू लागले.

"अरे दत्ता, एकच! मागच्या खेपेला शुगर किती निघाली होती?" तिच्या तोंडून निघून गेलं.

चमचा हवेतच थांबला. मगदूमांनी साखर परत भांड्यात ओतली. मग चष्मा पुसून त्यांनी तिच्या अर्जावर सही केली.

"नोकरी तुझी, पोरी. सोमवारपासून ये," ते म्हणाले. "फक्त डबा खायला माझ्या शेजारी बसू नकोस."