डावीकडचा सिंह

कोठाराच्या भिंतीकडे नजर गेली आणि डेटलेफने गाडी थांबवली. दाराच्या उजव्या अंगाला, विटांवर, निळी एनॅमलची पाटी. तिच्यावर पिवळा सिंह, दाराकडे तोंड करून बसलेला. खाली अक्षरं : ‘आम्ही जागे आहोत.’ ओस्टरमार्श अग्निविमा कंपनी बंद पडून पन्नास वर्षं झाली होती, पण तिचा निळा रंग अजून कालचा वाटत होता.

जुन्या पाट्या जमवणाऱ्यांचा एक नियम आहे. हवं त्याच्याकडे बघायचंच नाही, आधी भलत्याच वस्तूचं विचारायचं. डेटलेफने दुधाच्या कॅनचं कौतुक केलं. मग नांगराचं. कोठाराच्या मालकीणबाई, विब्केबाई, हाताची घडी घालून ऐकत होत्या.

“अहो, कॅनला भोक आहे. तुम्ही आलात सिंहासाठी. सरळ बोला की!”

आता त्याला कुठला धीर धरवतोय! तो गाडीकडे धावला आणि घोंगडीत गुंडाळलेली स्वतःची पाटी घेऊन आला. रंग ताडून बघता यावा म्हणून तो ती सगळीकडे बरोबर घेऊन हिंडायचा. तसाच सिंह, पण उलट्या बाजूला तोंड केलेला. खाली लिहिलं होतं : ‘तुम्ही निवांत झोपा.’

“एकतीस वर्षं हा माझ्या घरी कपाटाकडे बघत बसलाय, बाई. याचा जोडीदार मला द्या. हवं ते मागा.”

विब्केबाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी पाटी हातात घेतली आणि दाराच्या डाव्या अंगाला गेल्या. तिथे विटांवर एक फिकट चौकोन होता, चार कोपऱ्यांत चार भोकं. त्यांनी पाटी त्यावर टेकवली. चारही भोकं जुळली.

“कुठे मिळाली?”

“हुसुमच्या जुन्या बाजारात. विकत घेतलीय, देवाशप्पथ! विकणाऱ्याला त्याच सकाळी कुणा शेतकऱ्याने दिली होती. अकॉर्डियनच्या बदल्यात.”

“लाल?”

“हो, लाल. शिंपल्याच्या बटणांची पेटी, म्हणत होता. पण तुम्हाला कसं…”

विब्केबाई पाटी मांडीवर घेऊन पालथ्या बादलीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“पेटी लॉटरीत लागली म्हणाला होता माझा नवरा, हिन्नर्क! आणि पाटी चोरांनी नेली म्हणे. मरेपर्यंत तोंड उघडलं नाही पठ्ठ्याने. आणि मी बसलेय रोज कोठाराला कुलूप घालत!” मग त्यांनी उजवीकडच्या सिंहाकडे बोट केलं. “हा बघा, म्हणे जागा आहे. शेजारचा गेला तरी याला पत्ता नाही.”

त्या घरात गेल्या, लाल पेटी घेऊन आल्या, पदराने पुसावी तशी एप्रनने पुसली आणि त्याच्या हातात दिली.

“धरा. सौदा उलटा फिरवू. पेटी तुमची, सिंह आमचा.”

“पण मी तर तो न्यायला…”

“जोडी बघायचीय ना? मग जा दहा पावलं मागे.”

त्यांनी पाटी पुन्हा भिंतीला धरली. डेटलेफ मागे गेला. दाराच्या दोन्ही अंगांना दोन सिंह, एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून. ही जोडी अशी दिसायला हेच दार हवं होतं. घरी नेला असता तर जोडी झाली असती, हे दार कुठून आणणार होता? त्याला इतका आनंद झाला की नाचावंसं वाटलं, आणि थोडं रडावंसंही.

पेटी पाठीला अडकवून त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. आणला होता पाटी उतरवायला. एनॅमलचा टवका उडू नये म्हणून स्क्रूखाली शिशाच्या चकत्या घातल्या आणि पिळायला लागला. प्रत्येक पिळाला पाठीवरची पेटी सुस्कारा टाकायची.

“वाजवता येते का?” विब्केबाईंनी विचारलं.

“नाही हो.”

“त्यालाही कुठे येत होती,” पाटी घट्ट धरत त्या म्हणाल्या. “तरी रोज वाजवायचा.”