न बांधलेला पूल

आराखड्यातलं दृश्य डोळ्यांपुढे उभं करणारा चष्मा लावून कुमुदताई सांगलीच्या नदीवरच्या, अजून न बांधलेल्या पुलावर चालू लागल्या. समोरून एका हाताने हँडल धरून त्यांचे यजमान सायकलवर आले आणि न बघताच पुढे निघून गेले. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"गावातल्या लोकांच्या जुन्या येण्याजाण्याच्या चित्रणावरून संगणकाने ही वर्दळ तयार केलीय," शेजारी उभी असलेली इंजिनीअर चित्रलेखा म्हणाली.

"ते रोज येतात इथे?" कुमुदताईंनी विचारलं.

"हो, आराखडा मंजूर होईपर्यंत. मग हे सगळं पुसून टाकतो."

या पुलासाठी कुमुदताईंनीच वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. चष्मा न काढता त्या म्हणाल्या, "माझी हरकत लिहून घे, पोरी. हा पूल नको."