शेजाऱ्याचा जबाब

जयदेवच्या शेताला सरकारनं बांध घातला आणि हरिचंद्राच्या घशाखाली घास उतरेना.

दोघे चुलतभाऊ. वांगणीबाहेरच्या टेकडीवर दोघांच्या नाचणीच्या जमिनी एकमेकींना लागून. दर पावसाळ्यात दोघांचीही माती ओढ्यात जायची, तोवर हरिचंद्राचं काही दुखत नव्हतं. यंदा मात्र जयदेवची माती जागेवर राहिली आणि नाचणी कमरेला लागली. हरिचंद्राच्या शेतात खडक उघडा पडला होता. आणखी दोन पावसाळे, की पेरायला काही उरणार नव्हतं.

"भावजींनाच विचारा की, अर्ज कुठं करायचा ते," बायको वेणू म्हणाली.

"त्याला विचारू? त्यापरीस खडक खाईन."

तो तडक कल्याणच्या कचेरीत गेला. बांधबंदिस्तीचे कारकून विष्णुपंत चष्मा पुसत बसले होते.

"जयदेवचा वशिला कोनाचा, तेवडं सांगा रावसाहेब," हरिचंद्र उभ्यानंच म्हणाला. "स्वराज्यातबी वशिला लागतोच ना? त्यानं कोंबडी दिली असंल तर मी दोन देतो."

"कोंबडी तुमची तुम्हालाच राहू द्या," विष्णुपंत म्हणाले. "अर्ज करा आणि शेजाऱ्याचा जबाब आणा, की या माणसाची जमीन वाहून चालली आहे. आपली जमीन भिकार आहे असं कुणी आपल्या तोंडानं सांगत नाही हो. पाहणीला आलेल्या साहेबांनी चावडीवर विचारलं तेव्हा तुमचा जयदेवही मान खाली घालून गप्पच होता."

"मंग त्याचा जबाब कोनी दिला?" हरिचंद्राचे कान तापले. जयदेवचं भलं करणारा हा गावातला कोण, ते त्याला कळायलाच हवं होतं.

विष्णुपंतांनी कागद काढून वाचला. "'जयदेवच्या शेतात नुसते दगड. नाचणी सोडा, काटाही उगवायचा नाही. माझ्या शेताशी त्याची बरोबरी करू नका.' साहेब म्हणाले, लिहून देता का? तर हा गृहस्थ म्हणतो, एक सोडून दोन अंगठे देतो."

त्यांनी कागद फिरवला. खाली खरोखरच दोन अंगठे होते आणि शेजारी नाव हरिचंद्राचं.

चावडीवर लोकांत पिकलेलं हसू त्याला आठवलं. साऱ्या गावासमोर जयदेवचं नाक कापल्याच्या आनंदात त्यानं ते अंगठे उठवले होते. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला होता.

"आता तुमच्याबद्दल असंच वाईट बोलणारा शेजारी घेऊन या," विष्णुपंत म्हणाले. "शेताला शेत लागून असलेलाच हवा."

हरिचंद्रानं मनातल्या मनात शेताच्या चारी बाजू फिरून पाहिल्या. त्याच्या शेताला लागून एकट्या जयदेवचं शेत होतं, आणि जयदेवनं उभ्या जन्मात त्याच्याबद्दल एक वाईट शब्द काढला नव्हता.