दुसरी पट्टी

आचलचे झटके थांबले तेव्हा चांगले उजाडले होते. करिष्माने लेकीला कुशीवर धरून ठेवले होते आणि बायनाबाई पदराने नातीच्या तोंडाचा फेस पुसत होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी खाणे बदलून दिल्यापासून आजपर्यंत पोरीला एकही झटका आला नव्हता. गोळ्यांनी झाले नाही ते या खाण्याने होईल, असे ते म्हणाले होते. भात बंद, पोळी बंद, साखर बंद. लोणी, साय, अंडी, तलावातली मासळी, आणि तेही छोट्या काट्यावर तोलून. धान्य मिळेनासे झाले की अंग चरबी जाळायला लागते. ते लागले की नाही, हे लघवीत पट्टी बुडवली की कळते. पट्टी जांभळी झाली तर खाणे लागू पडले.

बायनाबाईला हे पटले होते, पण पचले नव्हते. मासळी धरणाऱ्या धिवराचे घर, चहूकडे धानाच्या बांध्या. या घरातले लेकरू दात यायच्या आधी पेज प्यायला शिकते.

पोर भानावर आली, तशी करिष्माने तिला वाटीत लघवी करायला लावली आणि दारातल्या उजेडात पट्टी बुडवली. पट्टी होती तशीच राहिली. फिकी.

"पट्ट्या खराब झाल्या असन," बायनाबाई घाईने म्हणाली. "डबी उघडी राह्यली असन कधी. पोरीच्या बापाले, सूरजले फोन कर. मोहर्लीच्या कामावरून येता येता चंद्रपुरातून दुसरी डबी आन म्हना."

म्हणताना तिची नजर चुलीकडे गेली. काल करिष्मा तलावावर कपडे धुवायला गेली होती तेव्हा आचल भाताच्या गंजाला, पातेल्याला मिठी मारून बसली होती. रडतही नव्हती, नुसती बसली होती. बायनाबाईने दोन मुठी भात पाण्यात कुस्करला, मीठ टाकले आणि पाजला. एवढ्याशा पेजेने काय होते? पोर मांडीवरच झोपली होती, किती दिवसांनी हसत.

पोर पुन्हा गुंगीत झोपली होती. करिष्माने सासूकडे पाहिले. मग डबीतून आणखी एक पट्टी काढली आणि ती मागच्या न्हाणीत गेली.

परत आली तेव्हा पट्टी तिच्या बोटांत रंग धरत होती. आधी गुलाबी, मग जांभळी, मग पिकल्या जांभळासारखी गडद.

"पट्टी खराब नाई, आई."

"हे कोनाची?"

"माही."

बायनाबाईला काही उमगेना. "तुले काय झालं वो? तुले बी तेच दुखनं हाय का?"

"दुखनं नाई. डॉक्टर म्हने, धडधाकट मानूस बी भात-पोळी सोडून राह्यला तर जांभळी होते."

"तू भात सोडला?"

करिष्मा उंबऱ्यावर बसली. "आचल माह्या तोंडाचा वास घेते, आई. झोपताना जवळ येते अन् म्हनते, तू भात खाल्ला ना? असं म्हनली का मंग माह्याच्यानं खावत नाई."

बायनाबाईने सुनेकडे नीट पाहिले. गालाची हाडे वर आली होती. हात उचलला की बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. रोज संध्याकाळी ती म्हणायची, तुमी जेवा, मी मांगून घेतो. मागून ती काय घेते, हे पाहायला कोण बसले होते? बायनाबाईचा डोळा सारा नातीवर होता.

"काल पेज देली मी तिले," ती म्हणाली. "अन् परवा बी."

आता सून ओरडेल म्हणून ती थांबली. ओरडली असती तर बरे झाले असते. करिष्माने दोन्ही पट्ट्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"मले सांगाले पायजे होतं," एवढेच ती म्हणाली.

बायनाबाई उठली. गंजातला भात ताटात वाढला, त्यावर मासळीचा रस्सा ओतला आणि ताट मागच्या अंगणात, शेवग्याखाली नेऊन ठेवले.

"इथी बस. वारा तलावाकडे जाऊन राह्यला. घरात वास येनार नाई."

"थे उठन. पेज मांगन."

"मांगू दे. मी बसतो तिच्यापाशी. खाऊन झालं का चूळ भर, अन् मंगच आत ये."

आत आचल उठून बसलीच होती. बायनाबाईने लोण्यातल्या अंड्याची तोलून ठेवलेली वाटी पुढे केली. पोरीने वाटी पाहिली, मग आजीचे तोंड पाहिले.

"आजी, पेज."

"पेज नाई."

पोरीला वाटले, आजी गंमत करते. ती हसली. मग आजी हसत नाही हे तिच्या लक्षात आले आणि ती रडायला लागली. आजीच्या छातीवर इवल्या मुठी मारायला लागली. "तू काल देली होती," ती रडत म्हणत होती. "काल तूच देली होती."

बायनाबाईने तिला मारू दिले. मागच्या दारातून शेवग्याखालची करिष्मा दिसत होती. तिचा घास तोंडापाशी थांबला होता आणि ती उठायच्या बेतात होती.

बायनाबाईने पोरीला घट्ट धरले आणि मान दाराकडे वळवली.

"जेव तू," ती म्हणाली. "मी हाय इथी."