भरल्या पोटी थांबणारा चार्जर

टेबलावर टाकलेला सेल भरलेला असेल तर ठप्प बसतो. संपलेला असेल तर टुणकन उडतो.

अक्काच्या घरातली मागची खोली रिकामी झाली आहे. पडदेसुद्धा लागले.

लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे झालं.

सोमवारी सकाळी सहाला घड्याळ बोललंच नाही.

*

"त्यांना कसला चार्जर हवाय?" दुकानदाराने भावाला विचारलं.

"त्यांनाच विचारा की," ताई म्हणाली. "डोळे नाहीत, कान शाबूत आहेत."

भाऊ काउंटरला टेकून उभा होता. शनिवारी तो दुसऱ्या गावी नोकरीवर रुजू होणार होता. गेली अकरा वर्षं दर रविवारी येऊन तो या आंधळ्या बहिणीच्या घरातले सेल बदलत होता. बोलक्या घड्याळाचे, बोलक्या थर्मामीटरचे, चहा कपाच्या काठाशी आला की पीं करणाऱ्या चिमट्याचे. आता ते कोण करणार, यावर आठवडाभर घरात खल चालला होता. त्यात सोमवारी घड्याळ मुकं झालं, ताई दवाखान्यात तासभर उशिरा पोचली आणि कंबर धरून बसलेले तीन पेशंट वाट पाहून निघून गेले. आखडलेले खांदे नि धरलेल्या पाठी सोडवण्यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मोठ्या बहिणीला, अक्काला, तेवढं निमित्त पुरलं. "एक सेल संपला की हिचा दिवस बुडतो. एकटी राहणार म्हणे! माझ्याकडेच येऊ दे कायमची."

भावाने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

ताई एवढंच म्हणाली होती, "आधी मला चार्जर घेऊ द्या."

तिने काउंटरवरच्या नव्या पाकिटातला एक सेल उचलला आणि काचेवर टाकला. ठप्प.

"अहो, टाकताय काय!"

"ऐकतेय. आता एखादा संपलेला द्या."

दुकानदाराने ड्रॉवरमधून शोधून दिला. तिने तोही टाकला. ठप्प.

ताईची मान किंचित वाकडी झाली. तिने पुन्हा टाकला. ठप्पच.

"हे चार्जिंगचे सेल, ताई. साध्या सेलांसारखं नाही यांचं. भरलेले काय, रिकामे काय, आवाज एकच."

"मग झालं की नाही ते कळायचं कसं?"

"त्यात काय, चार्जरवर दिवा असतो. लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे..." दुकानदाराने जीभ चावली.

"लाल-हिरव्याचं आणि माझं जन्मापासून बोलणं नाही," ताई म्हणाली. पण हसली नाही. तिची बोटं तो सेल नुसता फिरवत राहिली.

भावाला ते बघवेना. "ताई, जाऊ दे ना. अक्का आहे तिकडे. तुला कशाला हा व्याप?"

ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "चार्जर किती प्रकारचे आहेत?"

"दोन. एक साधा, एक जरा वरचा."

"आणि तुमच्या वापरातले, पूर्ण भरलेले सेल आहेत?"

"टॉर्चमध्ये आहेत चार. कालच भरलेत."

"काढा. दोन याच्यात घाला, दोन त्याच्यात. भरल्या पोटी कोण थांबतं ते बघू."

"किती वेळ लागेल?" भावाने विचारलं.

"तुला गाडी पकडायची आहे?"

तो परत काउंटरला टेकला.

दुकानदाराने स्टूल दिलं. ताईने दोन्ही चार्जरवर एकेक तळवा ठेवला, पेशंटच्या खांद्यांवर ठेवते तसा, आणि बसून राहिली. मागे एक गिऱ्हाईक बल्ब मागत होतं. दुकानदाराने त्याला बोटानेच दम धर म्हणून खुणावलं. भावाचा फोन वाजला. नव्या ऑफिसातून होता. त्याने तो उचलला नाही.

वीसेक मिनिटं गेली.

"हा हावरट," ताईने डावा हात उचलला. "पोट भरलंय तरी हादडतोय. बघा कसा तापलाय." मग उजव्या हाताची बोटं तिने दुसऱ्यावर हलकेच वाजवली. "हा शहाणा. केव्हाचा हात धुऊन गार बसलाय. हाच द्या. काम चालू असेल तर कोमट, संपलं की गार. भरलेल्यांना मी रबरबँड लावून ठेवीन."

"पंचवीस वर्षं चार्जर विकतोय," दुकानदार म्हणाला. "कुणी असा घेतला नाही."

तो नवे सेल चार्जरमध्ये बसवून दाखवायला गेला. ताईने त्याचा हात बाजूला सारला. अंगठ्याने टोक चाचपलं आणि चारही सेल खटाखट बसवले.

"टोक इकडे, सपाट बाजू स्प्रिंगकडे. यात आंधळ्याची चूक होत नाही. डोळसाची होते."

दुकानदार खो खो हसला. भाऊ हसला नाही.

पायऱ्यांपाशी तिने त्याच्या कोपराला हात घातला. दुसऱ्या हातात पिशवी होती, ती काही तिने त्याच्याकडे दिली नाही.

"अक्काला आजच फोन कर. म्हणावं, पडदे काढून ठेव, दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील."

"आणि सोमवारचं?" त्याने विचारलं. "तिला सांगू?"

"काय सांगायचंय? सेल संपले होते. तिला तसंच माहीत आहे, तसंच राहू दे. पायऱ्या किती उरल्या?"

"दोन."

*

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, नव्या ऑफिसचा फोन कान नि खांद्यात धरून, त्याने घड्याळात दोन कोरे सेल घातले होते. एक उलटा बसला होता.