सैल कोणाचं?

"दाब!"

चार दिवसांनी बायको त्याच्याशी बोलली, तो हा पहिला शब्द. तोही गाडीखालून. त्याने मुकाट्याने ब्रेक दाबला.

"सोड!"

त्याने सोडला.

तो ड्रायव्हिंग शिकवायचा. ती गॅरेज चालवायची. त्याच्या गाडीचे मागचे ड्रम ब्रेक तिनेच आठवड्यापूर्वी दुरुस्त केले होते. आणि मंगळवारी घात झाला. उतारावर गाडी उभी कशी करायची, हे तो रस्त्याच्या कडेला पाच विद्यार्थ्यांना समजावत होता. त्यांच्या डोळ्यांदेखत मास्तरांची गाडी एकटीच मागे निघाली. टपावरची 'निर्धास्त शिका' ही पाटी मिरवत ती सावकाश रोपवाटिकेत शिरली. बत्तीस कुंड्यांचा चुराडा झाला.

हँडब्रेकचा दांडा खाली, म्हणजे सुटलेला सापडला.

"तू ओढलाच नव्हतास," ती म्हणाली.

"ओढला होता. तुझं काम कच्चं, म्हणून सुटला," तो म्हणाला.

तिथून अबोला. पाचांपैकी तीन विद्यार्थी पळाले. तिच्याही दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या गाड्या परत नेल्या. सासूबाई तेवढ्या दोघांनाही समजावत होत्या, "जाऊ द्या रे, झालं ते झालं." पण ऐकतंय कोण!

आज निकाल लागायचा होता. गाडीचा मागचा भाग लोखंडी घोड्यांवर चढवून ती खाली शिरली. ड्रममागच्या भोकातून तिने स्क्रूड्रायव्हर घातला आणि आतलं दातेरी चाक एक दात पुढे सरकवलं. टायर फिरवला. घासला. एक दात मागे घेतला. टायर मोकळा फिरला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. म्हणजे तिने लावलेले ब्रेक केसभरही हलले नव्हते!

आता त्याला चांगलं ऐकवायचं, म्हणून ती सरपटत बाहेर आली आणि थबकली.

तो आत ताठ बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. नजर आरशात. गाडी घोड्यांवर होती, इंजिन बंद होतं, तरी त्याने सीटबेल्ट लावला होता.

तिला हसू आलं. मग गलबलून आलं. हा माणूस हँडब्रेक विसरेल?

"सैल होते ब्रेक," ती हात पुसत म्हणाली. "माझंच चुकलं."

तो कावराबावरा झाला. "छे गं. तुझं काम सैल असतं का कधी? मीच विसरलो असणार."

"अरे, सैल होते म्हणतेय ना!"

"आणि मी विसरलो म्हणतोय ना!"

"मेकॅनिक मी आहे की तू?"

"गाडी मी लावली होती की तू?"

दोघांचे आवाज असे चढले, की शेजारच्या खिडक्या उघडल्या. दारात खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"पुरे आता!" त्या ओरडल्या. "मंगळवारी बाजारातून येताना, हा शिकवण्यात गुंग असताना, मी माझी पिशवी गाडीत ठेवायला गेले, तर तो दांडा आपला वर उभा. मीच बटण दाबून खाली केला आणि घराकडे वळले. मला वाटलं, पोरगा खाली करायला विसरला."