दोघींच्या गप्पा

जपानमधल्या एका लहान बेटावरच्या हायस्कूलमध्ये शेवटच्या वर्षाला चिगुसा एकटीच उरली होती. तिची मैत्रीण मार्चमध्ये घरच्यांबरोबर बोटीनं कागोशिमा शहरात राहायला निघून गेली. इंग्रजीच्या सराव परीक्षेत इसोबे सरांनी ऐकून उत्तर लिहायच्या प्रश्नाची सीडी लावली. सीडीतल्या दोन मुली शनिवारी कुठं भेटायचं ते ठरवत होत्या. एकीला पोहायचं होतं, दुसरीला सर्दी झाली होती. चिगुसानं उत्तर लिहिलं आणि विचारलं, "सर, पुन्हा लावाल?" "खऱ्या परीक्षेत हे एकदाच ऐकवतात. कुठं अडलीस?" "अडले नाही. उत्तर आलं." "मग?" ती खाली बघत म्हणाली, "माझ्या वयाच्या मुलींना गप्पा मारताना ऐकून खूप दिवस झाले." सरांनी पाहिलं, उत्तर बरोबर होतं, वाचनाचे प्रश्न अजून कोरे होते. त्यांनी सीडी पुन्हा सुरू केली, तिच्या शेजारच्या बाकावर येऊन बसले आणि सीडीतल्या दोघींचं ठरेपर्यंत तिच्याबरोबर ऐकत राहिले.